खारोबाची पाठ

"मगर नको, बाबा. वडाळीच्या तलावात मगर कुठून येणार? आपण म्हशी ठेवू."

"म्हशी काय करतील?"

"काही नाही. बसून राहतील. तेच तर अवघड! मगर आली की पळता येतं. म्हैस हलतच नाही, मग होडी नेणार कुठून?"

पराग गावंडे खो-खो हसला. टेबलावरच्या पाटीकडे वाकून म्हणाला, "ऐकलंस ना रे? मगरी काढ, म्हशी घाल. आणि कौमूबाईंची होडी जरा हळू कर. फार माज आलाय तिला."

"बाबा!"

त्याचा चहा संपायच्या आत पडद्यावरच्या तलावात म्हशी डुंबू लागल्या. त्यातल्या एकीने कान हलवला, कौमुदीच्या होडीकडे पाहिलं आणि कंटाळून डोळे मिटले. दोघं बापलेक इतके हसले की शेजारच्या काकू कूलरमध्ये पाणी भरायचं सोडून डोकावून गेल्या.

पाटी म्हणजे शाळेने दिलेला टॅबलेट. सगळे त्याला पाटीच म्हणत. तिच्यात 'घडव' नावाचं एक साधन होतं. पूर्वी असा खेळ करायचा तर संगणकाची भाषा शिकावी लागे, चित्रकार लागे, आवाज देणारा लागे, आणि महिने जात. आता तोंडाने सांगायचं, की कच्चा खेळ तयार. चुकलं तर पुन्हा सांगायचं. परागचा धंदा शेतात सौर पंप बसवून द्यायचा. संगणकाची एक ओळ त्याला लिहिता येत नसे. कौमुदी सातवीतून आठवीत गेली होती, आणि तिलाही येत नसे. तरी त्या दोघांनी मिळून इतके खेळ केले होते की काहींची नावंसुद्धा आता आठवत नव्हती.

खेळ फक्त रविवारी व्हायचे, कारण कौमुदी बाबाकडे फक्त रविवारी यायची. आईबाबा वेगळे राहायला लागून वर्ष होत आलं होतं. आई, वैजयंती, रक्तपेढीत तंत्रज्ञ होती. ती आणि कौमुदी रुक्मिणीनगरच्या जुन्या फ्लॅटमध्ये राहत. बाबाने साईनगरला दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. कोर्टात प्रकरण चालू होतं, आणि सुट्टी संपायच्या आत समुपदेशक ढोकेमॅडम कौमुदीला एकटीला खोलीत बोलावून विचारणार होत्या, तुला कोणाकडे राहायचं आहे? तिचं म्हणणं न्यायाधीश ऐकतील, असं दोघांच्याही वकिलांनी सांगितलं होतं. ते ऐकल्यापासून तो प्रश्न कौमुदीच्या डोक्यातून जात नसे. म्हशींचा खेळ चालू असला की तेवढा वेळ तिला त्याचा विसर पडे.

प्रत्येक खेळ तयार झाला की कौमुदी शेवटी एक वाक्य न चुकता सांगे. "आणि यात कच्चं लिंबू ठेव."

कॉलनीत लपाछपी खेळताना एखादं शेंबडं पोर मागे लागतं. त्याला नाही म्हटलं तर ते भोकाड पसरतं. मग त्याला कच्चं लिंबू करतात. ते सगळ्यांबरोबर पळतं, लपतं, ओरडतं, पण पकडलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळाचे नियम त्याला लागूच नसतात. कौमुदी लहानपणी बराच काळ कच्चं लिंबू होती आणि तिला ते फार आवडायचं. म्हणून तिच्या प्रत्येक खेळात कोपऱ्यात एक हिरवं लिंबू असे. ते दाबलं की खेळाडू मोजला जात नसे. घडवला ते इतक्या वेळा सांगून झालं होतं, की आता न सांगताही ते लिंबू आपोआप येऊ लागलं होतं.

आता पडछायेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

खेळ बरा झाला आहे की नाही, हे कळायला तो कुणीतरी खेळून पाहावा लागतो. एकदा नाही, हजारदा. इतके लोक आणायचे कुठून? म्हणून घडव खेळणाऱ्याच्या हाताकडे लक्ष ठेवी. तुम्ही कुठे घाई करता, कुठे बोट उचलून थांबता, हरल्यावर पुन्हा तेच करता की दुसरं काही, कोणाला वाचवायला मागे फिरता. जिन्यावर पाऊल वाजलं की घरातल्या माणसाला न पाहता कळतं, कोण आलं. तसं घडवला बोटांवरून कळे. काही आठवडे असं पाहिलं, की तुमच्यासारखाच वागणारा एक खोटा खेळाडू तयार होई. त्याला पडछाया म्हणत. मग तुम्ही झोपलेले असा नाहीतर शाळेत असा, तुमची पडछाया खेळत राही. घडव खेळ थोडा बदली, पडछायेला खेळवी, पुन्हा थोडा बदली. तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकतो, कान देतो, पुन्हा ठोकतो, हवा तो सूर लागेपर्यंत. अगदी तसं.

मुलांची पडछाया करायला पालकांची परवानगी लागे. हा नियम करणाऱ्यांनी बाहेरच्या चोरांचा विचार केला होता. पालकांनाच अडवावं लागेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

*

पुढच्या रविवारी कौमुदी आली तेव्हा बाबाने आपल्या फोनवरून, दोघांच्या सामाईक खात्यात, खेळ आधीच करून ठेवला होता.

"एकट्यानं?" ती रुसली. "माझ्याशिवाय?"

"सरप्राइज. खेळून तर पाहा."

खेळ साधा होता. एक खारूताई. हिवाळा यायच्या आत तिला एक ढोली निवडून तिथे दाणापाणी भरायचं. दोन झाडं. एक कडुनिंब, त्यावर साळुंकी. एक चिंच, त्यावर म्हातारा खारोबा. खारूताई कौमुदीने चालवायची. साळुंकी सारखी हाका मारी, "ये गं, इकडे ये, किती उशीर, पाय पूस, दाणे सांडू नको." खारोबा सुरुवातीला मान डोलवी, आणि मग हळूच पाठ फिरवून फांदीच्या टोकाला जाऊन बसे. बोलत नसे. त्याची शेपटी वाऱ्यावर जराशी हले. तेवढंच.

कौमुदीने कडुनिंबावर दाणे नेले, अर्ध्यात थांबली, आणि चिंचेवर गेली. खारोबाने वळून पाहिलंसुद्धा नाही. तिने दाणे तिथेच ठेवले.

"छान आहे," ती म्हणाली. "पण थोडा रडका आहे."

"असं म्हणतेस?" बाबा म्हणाला. तो पाटीकडे नाही, तिच्याकडे पाहत होता.

त्यानंतर बाबा बदलला. आधी ती निघताना तो हजार गोष्टी करायचा. गिला वडा खायला चल, आईला फोन लाव, अजून अर्धा तास, एवढी काय घाई, काऊन गं पळतेस? कौमुदीला त्याचा कधीकधी कंटाळा यायचा. आता तो काहीच म्हणेना. "निघ, ऊन चढेल," एवढंच. ती चपला घालेपर्यंत तो मोरीपाशी उभा राहून ताट घासायचा. एकच ताट, एकच वाटी. पाठ तिच्याकडे. बनियनवर घामाचा डाग. एकदा ती जिना उतरून पुन्हा वर आली आणि त्या पाठीला मिठी मारून गेली. तो फक्त म्हणाला, "अगं, हात ओले आहेत माझे."

रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. आणि तिथेच, राजापेठच्या सिग्नलला, तिने ठरवून टाकलं.

*

"मी ढोकेमॅडमना बाबाचं नाव सांगणार आहे."

वैजयंती तिच्या केसांना तेल लावत होती. हात थांबला.

"कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. मलाच वाटलं."

"तुला वाटलं! दूध उतू गेलं की पळून जाणारी तू, तुला वाटलं! तिथं सकाळी डबा कोण करणार? ताप आला तर? तो चार-चार दिवस पंप बसवायला दर्यापूर-अचलपूर हिंडतो, तेव्हा घरात कोण? तुझी ती पाटी?"

"बाबा एकटा आहे, आई."

"आणि मी काय जत्रेत बसलेय?"

वैजयंतीने तेलाची बाटली बाजूला ठेवली. तिने वेणी घातली. इतकी घट्ट घातली की कौमुदीचे डोळे ओढल्यासारखे झाले.

*

खालच्या मजल्यावर सबा राहायची. कौमुदीच्याच वर्गात. तिच्याही पाटीत घडव होतं, आणि तीही त्यात रोज खेळायची. कॅरममध्ये तिचा हात कुणी धरत नसे. कोर्टाची तारीख आठवड्यावर आली होती, आई घरात फक्त भांड्यांशी बोलत होती. म्हणून कौमुदी पाटी घेऊन सबाच्या घरी जाऊन बसली.

"दाखव ना बे तुझ्या पप्पांचा खेळ," सबा म्हणाली. "एवढं कौतुक करतेस."

सबा खेळू लागली आणि फिदीफिदी हसू लागली. "काय भारी आहे गं हा म्हातारा!"

"भारी? तो तर बोलतच नाही."

"बोलत नाही? हे बघ."

कौमुदीने पाहिलं. खारोबा फांदीवर उड्या मारत होता. "हिंमत असेल तर ये वर! शर्यत लाव! लाव ना, घाबरलीस का?" असं सबाला चिडवत होता. साळुंकी मात्र गप्प होती. कौमुदीला जी सारखी हाका मारायची, ती कडुनिंबावर पिसांत चोच खुपसून पेंगत होती.

"तुझ्याकडे वेगळा खेळ आला असेल," कौमुदी म्हणाली.

"माझ्याकडे कुठून येणार? पाटी तुझी आहे."

"मग तू कुठलं तरी बटण दाबलंस."

"अगं ए, आरोप करू नको. मी फक्त त्याला हरवलं. तीनदा. त्याच्याच झाडावर."

सबाने दाणे चिंचेवर नेले होते. कौमुदीही न्यायची. वेगळ्या वाटेने दोघी तिथेच पोचल्या होत्या.

विज्ञानाच्या तासाला त्यांना एक गोष्ट पक्की शिकवली होती. काही कळेनासं झालं तर सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. कौमुदी म्हणाली, "तू सुरू कर. मध्येच मी घेते. बाकी काही हलवायचं नाही. ना पाटी, ना खेळ."

"म्हणजे फक्त हात बदलायचा?"

"फक्त हात."

सबा खेळू लागली. खारोबा चिडवत होता, "ये ये, मंदबुद्धी खारूताई!" सबा खिदळत होती. तिने खेळ न थांबवता पाटी कौमुदीच्या मांडीवर सरकवली. कौमुदीने बोट टेकवलं. दोन उड्या मारल्या. एका फांदीपाशी नेहमीसारखी थांबली.

खारोबाची उडी अर्ध्यात विरली. "हिंमत असेल तर..." तो म्हणाला, आणि वाक्य तसंच सोडलं. मग, कुणी कानात काही सांगावं तसं, तो सावकाश वळला. फांदीच्या टोकाला गेला. पाठ करून बसला. शेपटी जराशी हलली. आणि कडुनिंबावरची साळुंकी जागी झाली. "ये गं, इकडे ये, किती उशीर, पाय पूस..."

सबाचं हसू थांबलं. "अरे बाप्पा," ती हळूच म्हणाली. "त्याला कळलं, की तू आलीस."

कौमुदीच्या डोळ्यांसमोर बाबाच्या बनियनवरचा घामाचा डाग आला.

पाटीच्या कोपऱ्यात हिरवं लिंबू होतं. बाबाने ते सांगितलं नसणार. त्यांच्या दोघांच्या सामाईक खात्यात प्रत्येक खेळात ते आपोआप येत होतं, तसं यातही आलं होतं, आणि बाबाला ते काढायचं सुचलं नव्हतं. कौमुदीने ते दाबलं. कच्च्या लिंबाला नियम लागू नसतात, म्हणजे घडव त्याचं बोट ओळखून खेळ बदलत नाही, त्याच्या पडछायेकडे पाहतच नाही.

खेळ पुन्हा सुरू झाला. खारोबा चिंचेवर बसला होता, तोंड इकडे करून, दाणा कुरतडत. साळुंकी कडुनिंबावर बसली होती. कुणी हाका मारत नव्हतं. कुणी पाठ फिरवत नव्हतं. दोन झाडं होती, बस.

कौमुदीने खारूताईला दोन्ही झाडांच्या मधोमध आणलं. आणि तिथेच ठेवलं.

"जा ना," सबा म्हणाली. "कुठे जायचं ते कळेना का?"

"नाही," कौमुदी म्हणाली. "मला नाही कळत." आणि तिला एकदम लक्षात आलं, की आजवर तिला कधी कळलंच नव्हतं. ते दुसऱ्याच कुणीतरी तिच्यासाठी ठरवलं होतं.

*

रविवारी ती साईनगरला गेली. चपलाही काढल्या नाहीत.

"बाबा, खारूताईचा खेळ करताना तू घडवला काय सांगितलंस?"

"काय सांगणार? खार, झाडं..."

"सबाला खारोबा चिडवतो. शर्यत लाव म्हणतो. मी बोट लावलं की पाठ करतो. काऊन?"

बाबाच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं. पंपाचं गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की येतं तसलं. मग ते गेलं. तो मोरीकडे वळला, नळ सोडला, त्याच त्या ताटाला हात घातला.

"पाठ फिरवू नकोस!" कौमुदी किंचाळली.

ताट मोरीत पडलं. बाबा वळला. त्याने नळ बंद केला.

"मी वाईट काही करायला बसलो नव्हतो, कौमू. तुझ्यासाठी खेळ करावा, एवढंच होतं. पण ते साधन प्रत्येकाला शेवटी एक प्रश्न विचारतं. तुलाही विचारतं. हा खेळ खेळून खेळाडूनं शेवटी काय करावं, असं तुम्हाला वाटतं?"

"मी म्हणते, मजा करावी."

"मीही तेच म्हणणार होतो. फोनसमोर किती वेळ बसलो, कुणास ठाऊक. मग तोंडातून गेलं, तिनं माझ्याकडे यावं."

पंख्याचा आवाज येत होता.

"मग?"

"मग त्यानं तुझ्या पडछायेला खेळवलं. सबाचं मला माहीत नव्हतं. ते आपोआप ज्याला त्याला लागू होतं वाटतं. आणि मला एक ओळ दाखवली. ही खेळाडू बोलावणाऱ्याकडे जात नाही, न बोलावणाऱ्याकडे जाते. तेवढंच." त्याने ओला हात तोंडावरून फिरवला. "मी वर्षभर तुला बोलावत होतो, कौमू. राहा गं, थांब गं. दर वेळी तू घड्याळ बघायचीस. आणि ती ओळ वाचली, तेव्हा..."

"तेव्हा तू ताट घासायला लागलास."

"ताट खरंच घासायचं असायचं."

"मी दारात उभी असतानाच?"

कौमुदी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. चिडायचं ठरवून आली होती, पण राग जागेवर सापडेना. त्या जागी नुसती पोकळी होती. पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि नसावी, तशी.

"मी एकटाच आहे गं इथे," बाबा म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ते खोटं नव्हतं. संध्याकाळी घर खायला उठतं. ते मला कुणी शिकवलेलं नाही."

"असेल," ती म्हणाली. "पण आता मला ते कसं कळणार? तू रडतोयस, ते खरं आहे की मी रडणाऱ्यांकडे जाते म्हणून आहे, हे मी कशावरून ओळखू? तूच सांग."

तो जवळ यायला निघाला आणि मध्येच थांबला. जवळ जावं की न जावं, यातलं कुठलं तिला खरं वाटेल, ते त्यालाही आता ठरवता येत नव्हतं.

"मी खेळ पुसून टाकतो," तो म्हणाला. "पडछायाही. आत्ता, तुझ्यासमोर. पण ढोकेमॅडमना हे सांगू नकोस. माझी चूक झाली, कबूल. पण हे कोर्टात गेलं तर रविवारसुद्धा काढून घेतील. मग माझ्याकडे काय उरलं? तुझ्याकडे तरी काय उरेल?"

कौमुदी पाटी तिथेच टेबलावर ठेवून निघाली. तिला वाटलं होतं, की तो हाक मारेल. आणि वाटलं, की मारू नये. त्याने मारली नाही. आणि जिना उतरता उतरता ती हिशेब करत राहिली, की न मारलेली ही हाक खरी की खोटी.

*

घरी आली तर आई ओट्यापाशी उभी होती. पाठमोरी. कणीक मळत होती. काही बोलली नाही.

कौमुदी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच थबकली. आईचे खांदे उतरलेले दिसत होते. जावं आणि पदर धरावा, असं तिला वाटलं. आणि तेवढ्यात मनात एक नको तो प्रश्न आला. हिलाही कुणी सांगितलंय का?

बाबाच्या वागण्याने हे असं सगळीकडे पसरलं होतं. तिच्या आईची पाठसुद्धा आता नुसती पाठ राहिली नव्हती.

"आई, तू घडवला माझ्याबद्दल काही विचारलंस का कधी?"

"कोणाला?"

"घडव. पाटीतलं."

"त्याला विचारून काय करू?" वैजयंती गर्रकन वळली. हाताला कणीक, कपाळावर पिठाचा ओरखडा. "गादीवर ओला टॉवेल कोण टाकून गेलं, ते विचारू? सकाळपासून आलेली नाहीस, फोन उचलत नाहीस, आणि आल्या आल्या उलट माझी चौकशी! ताटं घे, आणि हात धू. आणि रडतेयस कशाला? मी काही मारलेलं नाही तुला."

कौमुदी रडत होती आणि हसतही होती. इतकं वाकडं कुणी ठरवून बोलणार नाही, असं तिला वाटलं. पण ताटं मांडताना हेही मनात आलं, की उद्या कुणाच्या पडछायेला ओरडणारी माणसंच आवडतील. तेव्हा हेही शिकवलं जाईल. ते तिने मोठ्या कष्टाने बाजूला सारलं. सगळ्यांवरच संशय घ्यायचा, तर जेवायचं कुणाच्या हातचं?

जेवताना तिने आईला सगळं सांगितलं. वैजयंतीने पोळी मोडायची थांबवली. तिच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग काहीतरी चमकलं. हातात आयता हुकमाचा पत्ता पडल्यावर खेळणाऱ्याच्या डोळ्यांत येतं, तसं. कौमुदीने ते पाहिलं. आईलाही कळलं, की तिने पाहिलं.

"तुझ्या वकिलांना नको सांगू हे," कौमुदी म्हणाली.

"माझे वकील आहेत ते," वैजयंती म्हणाली. आणि थोड्या वेळाने म्हणाली, "बरं. मी नाही सांगणार. तू काय ते ठरव."

*

कोर्टाच्या व्हरांड्यात लोखंडी बाकं होती. एका बाकावर आई होती. समोरच्या बाकावर बाबा, इस्त्रीच्या शर्टात, केस नीट विंचरून. दोघांच्या मधून वकील, अशील आणि चहाचे पेले घेऊन माणसं ये-जा करत होती. ढोकेमॅडमच्या खोलीचं दार बंद होतं.

कौमुदी आईजवळून उठली आणि सरळ बाबासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी मॅडमना खेळाचं सांगणार आहे."

त्याचा चेहरा उतरला. "कौमू, आपलं बोलणं झालं होतं..."

"तुझं बोलणं झालं होतं. मी काही म्हटलं नव्हतं."

"रविवार जाईल. तुझाही जाईल."

"जाईल कदाचित." तिने एकदा आईच्या बाकाकडे पाहिलं. "आणि मी कोणाकडे राहायचं, ते मला अजून माहीत नाही, हेही सांगणार आहे. थोडे दिवस द्या म्हणणार आहे. ते दिवस तू मला काही दाखवायचं नाही. आईनंही नाही."

"मग सरळ आत जाऊन सांग ना," तो म्हणाला. आता तो खरंच चिडला होता, लोक बघत होते याचंही भान राहिलं नव्हतं. "मला इथं येऊन कशाला सांगतेस? बापाला लाज वाटावी म्हणून?"

"नाही. तुझ्याबद्दल आहे, म्हणून तुला आधी सांगितलं." ती म्हणाली. "तू मला सांगितलं नव्हतंस."

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने हातातल्या कागदावरून मोठ्याने हाक मारली, "कौमुदी पराग गावंडे!"

"हो," ती म्हणाली, आणि निघाली.

दारापाशी पोचल्यावर तिला मागे वळून पाहावंसं फार वाटलं. पाहिलं असतं, तर बाबा कसा उभा आहे ते कळलं असतं. तिच्याकडे तोंड करून, की पाठ. पण दोन्हींपैकी काहीही दिसलं असतं, तरी तिला आत जाऊन जे सांगायचं होतं ते बदललं असतं. तिने न पाहताच दार लोटलं.

"ये, बस," ढोकेमॅडम म्हणाल्या. "पाणी हवंय का?"

"नको," कौमुदी म्हणाली. "आधी एक सांगते. मग तुम्ही विचारा."